साहेबांच्या रोजगार समितीत कोणाला बसवाल?

माझा भाचा एका लोकप्रतिनिधीचा स्वीय सहायक आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला, "मावशी, साहेबांना रोजगारावर सल्लागार समिती करायचीय. नावं काढलीत, जरा नजर टाक." १४ नावं होती. संघटनांचे पदाधिकारी, दोन माजी कुलगुरू, एक निवृत्त बँक अधिकारी, एक बिल्डर, बाकी ज्येष्ठ विचारवंत. मी विचारलं, "यातल्या कोणी गेल्या वर्षभरात एक तरी नवा माणूस कामाला ठेवलाय? किंवा स्वतः काम मागत कोणाच्या दारात उभं राहिलंय?" तो म्हणाला, "झालं तुझं सुरू."

मी माणदेशातल्या एका तहसील कचेरीत रोजगार हमीच्या शाखेत होते. निवृत्त झाले तेव्हा अव्वल कारकून. हजेरीपटांच्या गठ्ठ्यांत निम्मं आयुष्य गेलं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. गावात, तालुक्यात अशी समिती करणाऱ्या कोणालाही चालेल.

आधी नावं काढू नका, महिने काढा. काम मागणीचे अर्ज, म्हणजे नमुना ४, महिन्यांप्रमाणे लावून बघा. आमच्याकडे फेब्रुवारीपासून ढीग वाढायचा आणि पेरण्या लागल्या की ओसरायचा. म्हणजे आमचा प्रश्न 'बेरोजगारी' असा मोघम नव्हता, चार महिन्यांचा होता. तुमचा प्रश्न पदवी घेऊन बारा महिने घरी बसलेल्या पोरांचा असेल, तर माणसं वेगळी लागतील. हे अर्ज कोणी नीट वाचलेले असतात? ग्रामरोजगार सेवकानं. पहिली खुर्ची त्याची. एक अडचण सांगून ठेवते: बीडीओ (गटविकास अधिकारी) समोर बसले की तो गप्प होतो. त्याच्याशी आदल्या दिवशी बोलून घ्या.

ऊसतोडीला माणसं जात असतील तर मुकादमाला, म्हणजे टोळ्या जमवून नेणाऱ्याला, गाठा. कुठल्या वाडीतून किती कोयते गेले (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) आणि किती उचल (आगाऊ पैसे) घेऊन गेले, हे त्याला तोंडपाठ असतं. लग्न-आजारपणाचा खर्च नसताना ज्या वाडीत उचल वाढली, तिथलं हातचं काम गेलं, असं खुशाल समजा. पण मुकादमाला समितीत घेऊ नका. गावात काम निघालं तर त्याचे कोयते कमी होतात, तो तसा सल्ला कशाला देईल? त्याच्याकडून माहिती घ्यायची आणि चहा पाजून वाटेला लावायचं. पदाधिकाऱ्यांनाही हाच नियम लावा, फक्त त्यांना चहाबरोबर बिस्किटं द्यावी लागतात.

कारखानदार बोलवायचा तर सहा-बारा माणसांचं वर्कशॉप चालवणारा बोलवा. त्याला एकच विचारा: "तेरावा माणूस का ठेवत नाहीस?" भाषण न देता तो सांगेल. माझ्या ओळखीच्या एकाचं उत्तर होतं, बिलं अडकलीत. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करायचे असा २००६ चा कायदा आहे, पण मोठ्या गिऱ्हाइकाला नोटीस धाडली तर पुढची ऑर्डर जाते. नवीन योजना न काढता नुसती ही बिलं मोकळी केली तरी त्यानं दोन पोरं घेतली असती. मोठी कंपनी बोलवलीच, तर किती कोटी गुंतवले ते विचारू नका. पीएफच्या चलनावर दोन वर्षांपूर्वी किती नावं होती आणि आज किती आहेत, तेवढं विचारा.

आयटीआयमधून प्राचार्य नकोत, निदेशक, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकवणारा, हवा. मागच्या बॅचचा कुठला फिटर चाकणला टिकला आणि कुठला परत येऊन वडापाव विकतोय, ते त्याला नावानिशी ठाऊक असतं.

आता बायका. एक बोलवू नका, दोन बोलवा. एकटी बाई पदर सावरून बसते, दोघी असल्या की बोलतात. त्यांचा रोज बुडतो, तो भरून द्या. आमच्या एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी निम्म्यावर आली होती. वरून शेरा आला, 'मजुरांची अनास्था'. त्या कामावरच्या दोघी कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, टँकर आठला येतो. पाणी भरू का कामावर येऊ?" काम नऊला सुरू केलं, हजेरी भरली. एवढा सल्ला कुठल्याच अहवालात नव्हता.

भाचा म्हणाला, अशा लोकांच्या सल्ल्यानं धोरण होतं का? त्याला पागेंची आठवण करून दिली. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती, पण माणूस सांगली जिल्ह्यातला, दुष्काळ जवळून पाहिलेला. त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढे रोजगार हमीची कल्पना मांडली आणि १९६५ मध्ये ती आधी तासगाव तालुक्यात करून पाहिली. म्हणून १९७२ च्या दुष्काळात हाताशी काहीतरी होतं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. आणि पैसे कुठून आणायचे तेही ठरवलेलं होतं. पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, तो १९७५ मध्ये या योजनेसाठीच बसवला गेला. आधी एका तालुक्यात करून बघूया म्हणणारा आणि पैसे कुठून येतील तेही सांगणारा, असा एक तरी माणूस समितीत हवाच. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. त्याआधी मजूर दुसऱ्याच्या रस्त्यावर खडी फोडायचा, आता स्वतःच्या बांधात डाळिंबाचे खड्डे खणायला त्याला मजुरी मिळू लागली.

अर्थतज्ज्ञ एक घ्या, पण त्याला काम नेमून द्या: योजना नसती तर यातली किती माणसं तशीही कामाला लागली असती, हे त्यानं सांगायचं. हा प्रश्न बाकी कोणाला सुचत नाही.

समिती नऊच्या वर नेऊ नका. आणि इतिवृत्त कोण लिहिणार, ते पहिल्या दिवशीच ठरवा. बैठकीत कोण काय बोललं यापेक्षा इतिवृत्तात काय उतरलं, तेवढंच मागे उरतं; मी स्वतः कित्येक लिहिलीत, मला माहीत आहे. उठण्याआधी ते मोठ्यानं वाचून घ्या. ज्या शिफारशीपुढे अधिकाऱ्याचं पदनाम, तारीख आणि लेखाशीर्ष (पैसे कुठल्या खात्यातून, ते) नाही, ती खोडून टाका.

भाच्यानं यादीतली आठ नावं खोडली. बिल्डर तसाच राहिला, साहेबांचे व्याही आहेत म्हणे. राहू दे म्हटलं. बैठक त्यानं मंगळवारी ठेवली होती, ती मात्र बदलायला लावली. मंगळवारी तिथे आठवडी बाजार असतो, समितीतल्या दोघी बायका आल्याच नसत्या.