जुनाट दुखण्याच्या गोळ्या आणि साइड इफेक्ट: या चुका टाळा

कंबर, गुडघा, मान, दबलेली नस, शुगरमुळे तळपायाची आग, काहीही असो, दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने चालू असलेली दोनचार माणसं आता पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत आहेतच. आणि गोळीचा त्रास व्हायला लागला की बहुतेकजण एकतर कोणाला न सांगता ती बंद करून टाकतात, नाहीतर त्या त्रासावर मेडिकलमधून अजून एक गोळी आणतात. दोन्ही नको. बराचसा त्रास वेळ बदलून, डोस कमी करून, जेवणाशी जुळवून आटोक्यात येतो, पण त्यासाठी तो आधी डॉक्टरांच्या कानावर तर जायला हवा ना! मी घरातल्या आणि आजूबाजूच्या ज्येष्ठांच्या गोळ्या बरीच वर्षं सांभाळतेय, त्यात परत परत दिसणाऱ्या चुका लिहितेय.

नाव वेगळं, रंग वेगळा, आत औषध तेच

ही सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात धोक्याची. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातल्या सगळ्या गोळ्या माझ्यासमोर डायनिंग टेबलवर ओतल्या. अर्ध्या पट्ट्या कात्रीने कापलेल्या, नाव असलेला तुकडा दुकानातच राहिलेला. उरलेल्यांच्या मागचं बारीक अक्षर मोबाइलने मोठं करून वाचलं तर हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीत असिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, फॅमिली डॉक्टरांनी कंबरेसाठी दिलेल्या गोळीत परत असिक्लोफेनॅक, आणि अंग दुखलं की काकू मनानेच डोलो ६५० घेतात ते वेगळंच. मी म्हटलं काकू, ह्या दोन्हीत एकच औषध आहे हो, तर म्हणाल्या अगं पण रंग वेगळा आहे ना! दोन्ही डॉक्टरांची काही चूक नाही, एकाला दुसऱ्याची चिठ्ठी कोणी दाखवलीच नव्हती.

हिशोब करून बघा. डोलो ६५० दिवसातून चारदा म्हणजे २६०० एमजी पॅरासिटामॉल, वर ३२५ वाली कॉम्बिनेशनची गोळी तीनदा म्हणजे अजून ९७५. झाले साडेतीन हजाराच्या वर. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४००० एमजी धरतात, पण वजन कमी असेल, वय झालं असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा रोजचं पिणं असेल तर ती बरीच खाली येते. त्यात सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून सुटी गोळी घेताना नाव आणि एक्सपायरी असलेला भाग मागून घ्या. सदाशिव पेठेतून होलसेलमध्ये आणा नाहीतर जनऔषधीतून आणा, स्वस्त मिळतंय तर जरूर घ्या, फक्त ब्रँड बदलला की मागे लिहिलेलं औषधाचं नाव जुन्या पट्टीशी जुळवा आणि जुनी पट्टी डब्यातून काढून टाका. नाहीतर जुनी पण चालू राहते आणि नवी पण.

"चहा-खारी खाल्ली की घेते गोळी"

डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही सगळी एका घरातली औषधं. पोटाच्या आतलं अस्तर सांभाळणारं जे द्रव्य शरीर बनवतं तेच ती कमी करतात, त्यामुळे इंजेक्शन घेतलं तरी अल्सरचा धोका असतोच. पोटभर खाऊन घेतलं तर जळजळ कमी होते हे खरं, पण अल्सर होणारच नाही अशी काही गॅरंटी नाही, म्हणून वय जास्त असेल, आधी अल्सर झालेला असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टर पँटोप्राझोलसारखी ॲसिड कमी करणारी गोळी जोडून देतात. ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. जळजळ सुरू झाल्यावर घ्यायची नाही, लोक नेमकं तेच करतात.

उपासाचं पण बोलायला हवं. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही आणि गुडघा दुखतो म्हणून दुपारी कोरड्या पोटी गोळी, हे घरोघरी चालतं. उपास सोडा असं मी म्हणत नाही, श्रद्धेचा प्रश्न आहे, पण डॉक्टरांना आधी सांगून त्या दिवसाचं वेळापत्रक ठरवून घ्या.

पोटापेक्षा गुपचूप बिघडते ती किडनी. बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी, सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर ह्या गटातली पेनकिलर, असं तिन्ही एकत्र आलं की किडनीवर भलताच ताण येतो, आणि जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर अजूनच. वारीत पालखीबरोबर चालणाऱ्या आपल्या आजी-आजोबांच्या पिशवीत हे तिन्ही असतं हो, ऊन असतं, पाणी कमी प्यायलं जातं. निघायच्या आधी एकदा डॉक्टरांना विचारा. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. माणसाची किडनी गिधाडापेक्षा कितीतरी जास्त सोसते, तरी महिनोन्महिने गोळी चालू असेल तर बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासत राहायला हवं. नुसता गुडघाच दुखत असेल तर वरून लावायचं जेल चालेल का हे पण विचारा, त्यातलं औषध रक्तात खूपच कमी जातं. जेल लावून वर शेक मात्र नको.

गूगलवर "डिप्रेशन" वाचून गोळी फेकून देणं

अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन लिहून दिलं की घरातला कोणीतरी नाव सर्च करतो आणि मग "तुम्हाला मानसिक रोगाची गोळी दिलीय" असं म्हणून घाबरवून सोडतो. नसांच्या दुखण्यावर ही औषधं खरंच वापरतात, अमिट्रिप्टिलिन तर रात्री १० एमजी इतक्या छोट्या डोसपासून सुरू करतात, आणि फरक दिसायला काही आठवडे जातात. त्रास मात्र पहिल्याच दिवसापासून दिसतो, तोंड कोरडं, सकाळी डोकं जड, ड्युलोक्सेटिनने मळमळ. म्हणजे फायदा यायच्या आधीच माणूस कंटाळून सोडतो, आणि इथेच थोडा धीर धरायला हवा. सकाळी जडपणा राहत असेल तर रात्रीची गोळी थोडी लवकर, संध्याकाळी घेतली तर चालेल का विचारा. ड्युलोक्सेटिन जेवणासोबत घेतलं की मळमळ कमी होते, कॅप्सूल उघडून पावडर खायची नाही. प्रोस्टेटमुळे लघवी अडकत असेल किंवा काचबिंदू असेल तर अमिट्रिप्टिलिन सुरू करायच्या आधीच ते सांगा.

नसांच्या दुखण्यावरच्याच प्रिगाबालिन, गाबापेंटिनने गुंगी येते, चक्कर येते. नवीन गोळी सुरू झाली किंवा डोस वाढला की पहिले काही दिवस गाडी चालवायची नाही, नवले पुलाच्या उतारावर पेंगणं परवडणारं नाही, रिक्षा करा, मुलाला सोडायला सांगा. ट्रामाडॉल ह्या जास्त ताकदीच्या पेनकिलरचंही तेच. दारू तर ह्या कशासोबतच नको. आणि रात्री बाथरूमला जाताना एकदम उठू नका, मिनिटभर काठावर बसा, दिवा लावा, मग उठा. अजून एक, गाबापेंटिन आणि जेलुसिल-डायजीनसारखं अँटासिड एकत्र घेतलं तर गोळी कमी लागू पडते, मध्ये दोन तास जाऊ द्या.

त्रासावर गोळी, त्या गोळीवर गोळी

प्रिगाबालिनने काहींच्या पायावर सूज येते, वजन वाढतं. हे माहीत नसलं की सूज म्हणजे पाणी साठलं म्हणून लघवीची गोळी, तिने पोटॅशियम कमी झालं की पायात गोळे, त्यावर अजून काहीतरी. नवीन तक्रार सुरू झाली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, "डॉक्टर, हे चालू गोळीमुळे असेल का?" सूज हृदयामुळे किंवा किडनीमुळे पण असते, म्हणून घरी ठरवू नका, फक्त प्रश्न नक्की विचारा.

ट्रामाडॉलने शी घट्ट होते आणि आपल्याकडे त्यावर एकच उपाय, इसबगोल. पण ह्या गोळीने आतड्यांची हालचालच मंद झालेली असते, त्यात अर्ध्या कपात कालवलेलं इसबगोल उलट अडकून बसू शकतं. डॉक्टर लॅक्टुलोज किंवा दुसरं काही देतात, गोळी सुरू करतानाच मागून घ्या, लाजू नका. फिट्सचा त्रास असेल किंवा डिप्रेशनची गोळी चालू असेल तर ट्रामाडॉलच्या आधी सांगणं फार महत्त्वाचं. २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तेव्हा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका.

एकदम बंद करू नये अशा गोळ्या

प्रिगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रामाडॉल. काही आठवडे घेतल्यावर झटक्यात सोडली की घाम, झोप उडणं, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं आणि दुखणं उसळून येतं. डॉक्टर हळूहळू उतरवून देतात. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांचं तर फारच सांभाळा, अशा काहींमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, लवकर बरं वाटतं ते त्याने. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर तीही परस्पर थांबवू नका, घेऊनच डॉक्टरांकडे जा.

इथे मात्र वाट बघत थांबायचं नाही

डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळीनेही काळी होते, तरी दाखवाच), रक्ताची उलटी, ओठ किंवा चेहरा सुजणं, अंगभर पुरळ येऊन तोंडात फोड, डोळे पिवळे, लघवी एकदम कमी, फिट, छातीत दुखणं, माणूस उठवूनही नीट जागा न होणं. ह्यात उद्याची अपॉइंटमेंट नको, सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, १०८ ला फोन करा आणि गोळ्यांचा सगळा डबा सोबत घ्या.

औषधाचा त्रास झाला तर त्याची नोंद पेशंट स्वतः पण करू शकतो हे फार कमी लोकांना माहितीये. केंद्र सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या साइड इफेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाची टोल फ्री लाइन आहे, १८००-१८०-३०२४. फोन करताना पट्टीवरचं नाव, बॅच नंबर, गोळी कधी सुरू केली आणि त्रास कधी सुरू झाला एवढं हाताशी ठेवा.