रॉक अल्बमचं कव्हर करायचंय? आधी चार लिटर दूध आणा

माझ्या बाबांचा नारायण पेठेत लग्नपत्रिकांचा धंदा होता. स्क्रीन प्रिंटिंग. पत्रिकेत गणपती कुठे बसवायचा, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एका ओळीत कसं मावतं आणि सोनेरी शाई ओली असताना पत्रिकांची चळत लावली की काय होतं, हे मला दहावीच्या आधीच कळलं होतं. रॉक नंतर आलं, दादाच्या कॅसेटींमधून. कॅसेटच्या त्या चिंचोळ्या कागदावर पिंक फ्लॉइडचं कव्हर काड्यापेटीवरच्या चित्राएवढं दिसायचं, आणि तरी नजर हटायची नाही. तेव्हापासून मला एकच खाज आहे: का हटत नाही?

गेली बरीच वर्षं मी पुण्या-मुंबईतल्या बँडची कव्हरं करतेय. नवीन मुलं विचारतात, सुरुवात कुठून करू? मी म्हणते, क्रियापदापासून.

बँडकडून रफ मिक्स, म्हणजे गाण्यांचं कच्चं रेकॉर्डिंग, मागून घ्या. तीन दिवस नुसतं ऐका. लॅपटॉप बंद, पेन्सिल लांब. चौथ्या दिवशी एक कागद घ्या आणि त्यावर फक्त क्रियापदं लिहा. नामं लिहायची नाहीत. नामं लिहायला घेतली की पहिल्या पाच मिनिटांत कवटी, कावळा, गिटार आणि रेल्वेरूळ येतात, आणि मग चार पोरं रुळावर उभी करून फोटो काढायची कल्पना येते. (ती कल्पना बेकायदा तर आहेच, पण त्याहून मोठा गुन्हा म्हणजे ती सगळ्यांना येते.) क्रियापदं तसं करू देत नाहीत. तटतटणं, विरघळणं, घुसमटणं. यांचं आयतं चित्र इंटरनेटवर मिळत नाही, ते तुम्हालाच शोधावं लागतं.

गाजलेली कव्हरं या नजरेनं पाहा. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'वर काय आहे? प्रिझम नव्हे, फुटणं आहे. पांढरा प्रकाश काचेत शिरतो आणि फुटतो. लंडनच्या हिपग्नोसिस या स्टुडिओनं, म्हणजे स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांनी ते केलं, रेखाटन जॉर्ज हार्डीचं. बँडच्या रिचर्ड राइटला काहीतरी साधं, नेटकं हवं होतं. रंग मोजा कधीतरी. शाळेत 'तानापिहिनिपाजा' घोकलं असेल तर लगेच लक्षात येईल, पारवा गायब आहे. सहाच पट्टे आहेत. विज्ञानाच्या बाईंनी मार्क कापले असते, पण कव्हरवर सातवा पट्टा गर्दी करतो. एवढ्याशा आकारात निळा, पारवा आणि जांभळा एकमेकांत मिसळून चिखल झाला असता. हे ज्याला कळतं त्याला मी डिझायनर म्हणते.

'द क्लॅश' या बँडच्या १९७९च्या 'लंडन कॉलिंग'वर आपटणं आहे. न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये बँडमधला पॉल सिमोनन बेस गिटार जमिनीवर आदळतोय, आणि फोटो चक्क हललेला आहे. फोटोग्राफर पेनी स्मिथ स्वतः म्हणत होती की हा वापरू नका, फोकस गेलाय. बँडनं ऐकलं नाही, ते बरं झालं. 'जॉय डिव्हिजन' या बँडच्या त्याच वर्षीच्या 'अननोन प्लेझर्स'वर धडधडणं आहे. एका पल्सार ताऱ्याच्या रेडिओ स्पंदनांचा आलेख खगोलशास्त्राच्या कोशातून उचललेला. मूळ आलेख पांढऱ्यावर काळा होता. पीटर सॅव्हिलनं तो उलटवून काळ्यावर पांढरा केला, आणि छापील तक्त्याची रात्र झाली.

क्रियापद मिळालं की पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हल्ली सगळ्यात जास्त टाळली जाणारी. ते क्रियापद खरोखर घडवायचं. स्क्रीनवर नाही, कॅमेऱ्यापुढे.

पिंक फ्लॉइडच्याच १९७५च्या 'विश यू वेअर हिअर'साठी हिपग्नोसिसनं अमेरिकेतल्या एका फिल्म स्टुडिओच्या आवारात रॉनी रॉन्डेल नावाच्या स्टंटमनला खरोखर पेटवलं. सुटाच्या आत आगीपासून वाचवणारा पोशाख होता, पण वारा उलटा फिरला आणि त्याच्या मिशा होरपळल्या. मग तो आणि त्याच्याशी हस्तांदोलन करणारा दुसरा माणूस यांच्या जागा बदलून फोटो काढला आणि छापताना उलटा केला. पुढे १९७६च्या डिसेंबरात लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रावर त्यांनी फुग्याचं मोठ्ठं डुक्कर चढवलं. ते दोर तोडून उडालं आणि केंट परगण्यातल्या एका शेतात जाऊन पडलं. अखेर पिंक फ्लॉइडच्या 'ॲनिमल्स' या अल्बमवर जे छापलं ते एका दिवशीच्या आभाळावर दुसऱ्या फोटोतलं डुक्कर चिकटवून. म्हणजे चिकटवाचिकटवीला माझा विरोध नाही. आधी डुक्कर उडालं पाहिजे, एवढंच.

आपल्याकडे स्टंटमनचं बजेट नसतं. माझ्याकडे कोथरूडच्या एका बँडचा अल्बम आला होता. सहा गाणी, सगळी घरातल्या न बोललेल्या रागाबद्दल. माझ्या कागदावर शेवटी एकच शब्द उरला: उतू जाणं. मग आईचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पहिला धडा स्टीलच्या पातेल्यानं दिला: त्यात मी, कॅमेरा आणि वरची ट्यूबलाइट, सगळे दिसतो. तळाशी काळं पडलेलं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं. मागे काळी चादर, उजेड फक्त डावीकडच्या खिडकीचा, म्हणजे दुधाची कड उजळते आणि बाकी सगळं बुडतं. गायीच्या दुधाचा नुसता फेस झाला. म्हशीच्या दुधावर साय धरते, ती आधी घुमटासारखी फुगते आणि मग एका बाजूनं फाटते. मला तो फाटायच्या आधीचा क्षण हवा होता. तो डोळ्यानं पकडता येत नाही, म्हणून एकामागून एक फोटो घेत राहायचं. एक हात गॅसच्या बटणावर ठेवा, कारण उतू गेलेलं दूध ज्योत विझवतं आणि गॅस सुरूच राहतो. चार लिटरमध्ये एकच फ्रेम मिळाली. आई दारात उभी राहून म्हणाली, "लहानपणी दुधाकडे बघ म्हटलं की बघायची नाहीस. आता कॅमेरा लावून बसलीयस."

देवादिकांच्या प्रतिमा उसन्या घेताना मात्र जरा थांबा. रोलिंग स्टोन्सची ती लाल जीभ, १९७०ची. जॉन पाश नावाच्या विद्यार्थ्यानं ती काढली, पन्नास पौंडांत. मिक जॅगरनं त्याला कालीमातेचं चित्र दाखवलं होतं. पण पाशनं कालीची जीभ जशीच्या तशी लावली नाही. देवी काढून टाकली आणि बाहेर काढणं तेवढं ठेवलं. पुन्हा क्रियापदच. उलट १९६७च्या 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह'वर आपल्या कॅलेंडरावरच्या विश्वरूपदर्शनाच्या चित्रात जिमी हेंड्रिक्स आणि त्याच्या साथीदारांचे चेहरे बसवले. ते खुद्द हेंड्रिक्सला पटलं नव्हतं. त्याचा ओढा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या वारशाकडे होता, आणि कव्हरवर आला भलताच 'इंडियन'. आपल्याकडचे बँडही ऊठसूट शंकर आणि त्रिशूळ लावतात. लावा, पण तो शंकर गाण्यात काय करतोय ते मला सांगता आलं पाहिजे.

अक्षरं. देवनागरीत बँडचं नाव लिहायचं असेल तर तुमच्या हातात शिरोरेषा आहे, आणि ती रोमन लिपीवाल्यांकडे नाही. ती तोडा, वाकवा, तिच्यावरून काहीतरी ओघळू द्या. दुधाच्या कव्हरवर मी शिरोरेषाच पातेल्याची कड केली. मात्र फॉन्टला चारी बाजूंनी काटे फुटवून हेवी मेटल बँडचा लोगो झाला असं समजू नका. मात्रा आणि काटा यांतला फरक वाचणाऱ्याला कळला नाही तर 'कोळ'चा 'काळ' होतो. आणि नाव टाकायलाच हवं असंही नाही. 'ॲबी रोड'च्या पुढच्या बाजूला ना बँडचं नाव आहे ना अल्बमचं. पण ते बीटल्स होते, तुमचं अजून ठरायचंय.

आकाराचं गणित आता विचित्र झालंय. तेच चित्र एलपीसाठी सव्वाबारा-साडेबारा इंचांचं, सीडीसाठी बारा सेंटिमीटरचं आणि फोनवर नखाएवढं. ऑनलाइन द्यायला तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलची फाइल करा आणि मग ती फोनवर लहान करून हात लांब करून बघा. क्रियापद दिसलं तर ठीक. चौकोन तुमच्यापुढे झुकत नाही, तुम्हीच झुकायचं: लेड झेपेलिन या बँडच्या १९७५च्या 'फिजिकल ग्राफिटी'साठी न्यूयॉर्कमधली पाच मजली इमारत निवडली आणि चौकोनात मावेना म्हणून एक मजलाच उडवला.

छपाईत माझी पहिली फजिती काळ्या रंगानं केली. मला दाट काळं हवं होतं म्हणून मी सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा, चारही शंभर टक्के दिले. चारशे टक्के शाई कागद पितच नाही. थप्पी लावली आणि सकाळी प्रत्येक कव्हराच्या पाठीला खालच्याचं तोंड लागलेलं. बाबांनी एक कव्हर उचललं, सोनेरी पत्रिकांची आठवण करून दिली आणि चहा प्यायला निघून गेले. तेव्हापासून काळा शंभर, सायन साठ, मजेंटा चाळीस, पिवळा चाळीस, याच्यावर मी जात नाही. चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र, ठेवा. आणि डिझाइन सुरू करायच्या आधी छापखान्याकडून त्यांचा साचा मागा, नंतर नव्हे.

कव्हर थप्पीत राहतं हे विसरलात तर काय होतं? रोलिंग स्टोन्सच्या १९७१च्या 'स्टिकी फिंगर्स'वर जीनच्या पँटीला खरीखुरी झिप लावली होती. वाहतुकीत त्या झिपेचा दाब शेजारच्या तबकडीवर पडून गाण्याच्या खाचाच खराब व्हायला लागल्या. उपाय भन्नाट निघाला: पाठवण्याआधीच झिप मध्यापर्यंत उघडायची, म्हणजे वळ पडला तर मधल्या कागदी लेबलवर पडेल.

पैशांचं आधी बोला. निम्मे हातात आल्याशिवाय दूध तापवू नका. बदल किती वेळा करून द्याल ते लिहून ठेवा. आणि बँडमध्ये चार जण असतील तर बोलायला एकच माणूस नेमायला सांगा, शक्यतो गायक सोडून.

शेवटच्या प्रूफवर मात्र चौघांच्याही सह्या घ्या, आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव मोठ्यानं वाचायला लावा. दुधाच्या कव्हरवर ड्रमरच्या आडनावाला मी पहिली वेलांटी दिली, हवी होती दुसरी. पाचशे प्रती छापून झाल्यावर त्याच्या आजोबांचा फोन आला. नातवाच्या गाण्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. वेलांटीबद्दल वीस मिनिटं बोलले.