माळरानावरची सोज्ज्वळ प्रेमकथा लिहिताना

सोज्ज्वळ प्रेमकथेत शयनगृहाचे दार वाचकासाठी बंद असते आणि पहिले चुंबनही बहुधा शेवटच्या प्रकरणापर्यंत लांबते. मग अडीचशे-तीनशे पाने वाचकाने कशाच्या ओढीने उलटायची, हा प्रश्न लिहायला बसण्यापूर्वीच सोडवला पाहिजे. कथा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिमेत, शेतकरी आणि गुराख्यांच्या जगात घडणार असेल, तर माझे उत्तर असे आहे की ही ओढ एकमेकांसाठी केलेल्या कामातून निर्माण करावी. त्या जगात सवड कमी होती, शब्द मोजके होते आणि थंडीचे चार महिने काढायला माणसाला माणूस लागत असे. ‘त्याचे तिच्यावर जिवापाड प्रेम होते’ हे वाक्य वाचकाला काहीच देत नाही. ‘पहाटे तिने दार उघडले तेव्हा उंबऱ्याशी रानशेण्यांची दोन पोती टेकवून ठेवलेली होती आणि बर्फावरून त्याच्या घराकडे गेलेली पावले अर्धी बुजली होती’ हे वाक्य मात्र प्रेम हा शब्द न उच्चारता सगळे सांगते.

रानशेणी हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. नेब्रास्का आणि कॅन्ससच्या माळावर झाडे जवळजवळ नव्हती, त्यामुळे वस्तीला आलेले लोक बायसन (तिकडचे गवे) आणि गुरे यांचे माळावर वाळलेले शेण गोळा करून जाळत. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द असताना ‘वाळलेल्या शेणाचे तुकडे’ असे लिहिण्याचे कारण नाही. मुंबईत राहून लिहिणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे एक गाव कोकणात, देशावर किंवा खानदेशात असते आणि लहानपणीच्या सुट्ट्यांत हातांनी केलेली कामे अंगात मुरलेली असतात. ही या लेखनाची खरी शिदोरी आहे. लाकडे मिळत नसल्यामुळे तिथे गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटा रचून घर बांधत. ते घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असे, पण पाऊस थांबल्यावरही छत आत ठिबकत राही आणि वरून माती पडू नये म्हणून बायका छताखाली मलमलीचे कापड ताणून बांधत. ज्याने धाब्याच्या घरात एक पावसाळा काढला आहे, त्याला हा प्रसंग कल्पनेने रचावा लागणार नाही.

मात्र स्मृती हाताची घ्यावी, वस्तू जशीच्या तशी उचलू नये. लोण्याचे उदाहरण पाहावे. नायिका ‘रवीने ताक घुसळत होती’ असे लिहिले की वाचकाच्या डोळ्यांसमोर आपले स्वयंपाकघर उभे राहते. तिकडे दही नव्हे तर साय साठवून, उभ्या लाकडी पिंपात दांडा वर-खाली करून लोणी काढत. या लोण्याच्या आणि अंड्यांच्या विक्रीतून आलेला पैसा अनेक घरांत बाईच्या हातचा मानला जाई, आणि हा तपशील कथेच्या दृष्टीने सोन्यासारखा आहे. नायिकेने त्या पैशातून आधी काय विकत घेतले आणि काय घ्यायचे टाळले, एवढ्यावर तिचा स्वभाव उभा राहतो.

आता कथानकाच्या कण्याकडे वळतो. नवोदितांच्या बहुतेक प्रेमकथा गैरसमजावर उभ्या असतात: एक पत्र चुकीच्या हाती पडते, एक वाक्य अर्धवट ऐकू येते आणि दोन समंजस माणसे दीडशे पाने एकमेकांशी बोलत नाहीत. वाचक हे सहन करतो, पण त्यावर विश्वास ठेवत नाही. त्या काळाच्या कायद्याने लेखकासाठी याहून भक्कम अडथळा तयार ठेवला आहे. ज्या यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापूस बाजारात सोन्याचा धूर निघाला, त्याच युद्धाच्या धामधुमीत, २० मे १८६२ रोजी, अध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. त्यानुसार २१ वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीला थोडे शुल्क भरून १६० एकर सरकारी जमिनीवर दावा लावता येई. ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक असावी किंवा नागरिक होण्याचा इरादा तिने नोंदवलेला असावा, अशी अट होती. पाच वर्षे तिथे राहून, घर बांधून आणि जमीन कसून दाखवली की सरकारी सनद मिळे. अविवाहित स्त्री आणि विधवा यांनाही हा हक्क होता. नवऱ्यासह राहणाऱ्या विवाहितेला सहसा नव्हता.

यातून काय निघते पाहा. शेजारशेजारच्या दोन दाव्यांवर एक तरुण विधवा आणि एक अविवाहित शेतकरी राहतात. प्रत्येकाला आपल्याच जमिनीवर राहत असल्याचे सिद्ध करायचे आहे, आणि नवरा-बायकोला दोन वेगळ्या दाव्यांवर दोन स्वतंत्र बिऱ्हाडे दाखवता येत नाहीत. आज लग्न केले तर दोघांपैकी एकाची तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाण्याचा धोका आहे. सातबाऱ्यावर आपले नाव लागण्याचे मोल ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला ही कोंडी समजावून सांगावी लागत नाही. सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर एकरी सव्वा डॉलर भरून जमीन लगेच विकत घेण्याची सोयही कायद्यात होती, म्हणजे १६० एकरांसाठी २०० डॉलर लागत. गुरांच्या तांड्याबरोबर जाणाऱ्या गुराख्याला महिन्याला साधारण ३० ते ४० डॉलर मिळत असताना ही रक्कम केवढी मोठी होती, हे लक्षात घ्यावे. नायकाने ती कशी उभी केली, किंवा नायिकेने ती घ्यायला का नकार दिला, यावर एक अख्खे प्रकरण उभे राहू शकते.

अंतराचे भान ठेवावे. १६० एकरांचा चौकोनी तुकडा म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा मैल. त्यात पाचाहून अधिक शिवाजी पार्क मावतील. चाळीत भिंतीला भिंत लावून वाढलेल्या लेखकाला शेजारी म्हटले की खोकलासुद्धा ऐकू येणारे माणूस आठवते, आणि मग त्याचे नायक-नायिका दिवसातून चार वेळा सहज भेटू लागतात. माळावर शेजारी म्हणजे रात्री दूरवर दिसणारा एक दिवा. एखाद्या संध्याकाळी तो दिवा लागला नाही, तर नायिकेने काय करावे? माझ्या मते सोज्ज्वळ प्रेमकथेतील सर्वांत उत्कट प्रसंग अशाच प्रश्नातून निघतात.

पावसाविषयी सावध राहावे लागते, कारण मराठी लेखणी प्रेम म्हटले की आपोआप भिजू लागते. माझ्या पहिल्या हस्तलिखितात पश्चिम कॅन्ससमध्ये चार दिवसांची झड लागली होती आणि नायक-नायिका गोठ्यात अडकली होती. तो प्रसंग मला फार आवडत असूनही काढून टाकावा लागला. साधारण १०० व्या पश्चिम रेखांशापलीकडे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या खाली जातो, तर मुंबईत तो दोन हजारांच्या वर असतो. तिथला पाऊस वादळासारखा येतो आणि निघून जातो. त्याची वाट पाहणे हाच खरा प्रसंग आहे. मी नंतर दोघांना कोरड्या पडत चाललेल्या विहिरीच्या काठी आणले आणि शेवटची बादली कोणाच्या जनावरांना द्यायची यावर त्यांना बोलायला लावले. प्रकरण पहिल्यापेक्षा कितीतरी चांगले झाले. ऋतूंच्या आपत्तींची नोंद तारखेसह उपलब्ध आहे: १८७४ च्या उन्हाळ्यातील टोळधाडीने उभी पिके फस्त केली, आणि १२ जानेवारी १८८८ रोजी उबदार सकाळीनंतर अचानक आलेल्या हिमवादळात शाळेतून घरी निघालेली अनेक मुले दगावली. ही तारीख कथेत घ्यायची असेल तर शिक्षिकेला नायिका करावे, पण मुलांच्या मृत्यूचा उपयोग केवळ प्रेमिकांना एकत्र आणण्यासाठी करू नये.

संवादांत मराठीने आपल्याला एक देणगी दिली आहे. त्या काळी ओळखीचे स्त्री-पुरुषही एकमेकांना मिस किंवा मिस्टर लावून आडनावाने हाक मारत आणि पहिल्या नावावर येणे ही जवळिकीची मोठी पायरी असे. इंग्रजीत सर्वनाम मात्र बदलत नाही, मराठीत ते बदलते. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचा क्षण लेखकाने आधीच ठरवावा, तो कादंबरीत एकदाच यावा आणि कोणाच्या तोंडून प्रथम निघावा याचा विचार करावा, माझा कल नायिकेकडे आहे, तोही घाईच्या किंवा संकटाच्या वाक्यात, जिथे ती चूक तिच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. लग्नानंतर तिने ‘अहो’ म्हणू नये, कारण त्या एका शब्दाने सगळा माळ गिरगावात येऊन पडतो. टेक्ससच्या गुराख्याला वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावणेही मी टाळतो. साधी, तुटक प्रमाण मराठी आणि त्याच्या कामाचे शब्द एवढे पुरते.

भेटीचे प्रसंग त्या समाजाने स्वतःच निर्माण केले होते. शाळेसाठी पैसे जमवायला बायका सजवलेल्या डब्यांत जेवण बांधून आणत, पुरुष त्या डब्यांवर बोली लावत आणि जो डबा जिंकेल त्याने तो बांधणारीबरोबर बसून जेवायचे अशी रीत होती. गोठा उभारायला सारे शेजारी जमत, गोधड्या शिवायला बायका एकत्र बसत. आर्बकल या कंपनीच्या भाजलेल्या कॉफीच्या पिशवीत पेपरमिंटची एक कांडी येत असे आणि गुराख्यांच्या तळावर कॉफी दळणाऱ्याला ती मिळे. नायकाने रोज कॉफी दळायला पुढे व्हावे आणि गावी परतल्यावर त्याच्या खिशातून एवढ्या कांड्या का निघाल्या, हे फक्त नायिकेला कळावे. पिस्तुलांचा सोस मात्र आवरावा. डॉज सिटीसारख्या गुरांच्या बाजारगावात तर शस्त्र बाळगून हिंडायला बंदी होती.

एक गोष्ट मी कोणत्याही कादंबरीतून वगळू देणार नाही. ती जमीन रिकामी नव्हती. पॉनी आणि कॉ या जमातींना नेब्रास्का आणि कॅन्सस सोडून १८७० च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी १८७७ मध्ये कॅन्ससमध्ये निकोडेमस हे गाव वसवले, आणि गुराख्यांतही कृष्णवर्णीय व मेक्सिकन पुरुष मोठ्या संख्येने होते. सोज्ज्वळ याचा अर्थ डोळे मिटलेली असा नव्हे. नांगराच्या फाळाला लागलेले दगडी बाणाचे टोक हाती घेऊन नायिका क्षणभर थांबली, तर प्रेमकथेचे काही बिघडत नाही, उलट ती अधिक खरी होते.

अभ्यासासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या काळची असंख्य स्थानिक वृत्तपत्रे आणि छायाचित्रे विनामूल्य खुली केली आहेत. मी दादरच्या ग्रंथालयात बसून महिनाभर फक्त छायाचित्रे पाहिली. सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने १८८६ पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत घरोघर फिरून शेतकरी कुटुंबांची चित्रे घेतली. त्यांतील एका चित्रात कुटुंबाने घरातला ऑर्गन ओढून बाहेर माळावर आणला आहे, कारण आपण मातीच्या घरात राहतो हे त्या गृहिणीला पूर्वेकडच्या नातलगांना दाखवायचे नव्हते. कादंबरी सुरू करण्यापूर्वी असे एक चित्र निवडावे आणि ते घेण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या घरात काय बोलणे झाले असेल, याची तीन पाने लिहून पाहावीत. त्यात नायक-नायिकेचा आवाज सापडला नाही, तर दुसरे चित्र घ्यावे.

शेवट सुखाचाच हवा, वाचकाशी तसा करार असतो. पण मी तो लग्नाच्या मंडपात करत नाही. सनदेसाठी दावेदाराला शपथेवर साक्ष देणारे दोन साक्षीदार आणावे लागत, आणि ते बहुधा शेजारीच असत. नायिका दाव्याच्या कार्यालयात उभी आहे आणि तिने किती एकर नांगरले, विहीर कधी खणली, कोणत्या हिवाळ्यात ती एकही रात्र घर सोडून गेली नाही, हे सारे कारकुनापुढे नायकाला एकेक करून सांगायचे आहे. पाच वर्षे तो तिच्या दिव्याकडे पाहत होता, हे तिला तिथे, त्या कोरड्या सरकारी भाषेत, पहिल्यांदा ऐकू येते.