सिगारेट सोडताना येणारी तलफ कशी हाताळावी

सिगारेट सोडायची म्हटले की बोलणे हमखास इच्छाशक्तीवर येऊन थांबते. निश्चय हवाच, परंतु कोणतीही मदत न घेता केवळ निश्चयाच्या बळावर सोडणाऱ्या १०० जणांपैकी जेमतेम ३ ते ५ जण सहा महिने किंवा वर्षभर टिकतात, असे निरनिराळ्या अभ्यासांत दिसून आले आहे. बाकीचे सगळे मनाने कच्चे असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. बहुतेकांचे अडते ते तयारीपाशी. तलफ आल्यावर काय करायचे हे त्यांनी तलफ नसताना ठरवलेले नसते, आणि ती आल्यावर पाहू म्हटले, तर तेव्हा डोक्यात सिगारेटशिवाय दुसरे काही शिरत नाही.

ओढलेल्या धुरातले निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे डोपामिन हे समाधानाची भावना देणारे रसायन स्रवू लागते. इतक्या झटपट मिळणारे समाधान मेंदू सहजी विसरत नाही. रक्तातले निकोटिन मात्र सुमारे २ तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे अस्वस्थपणा, चिडचिड आणि पुन्हा ओढावीशी वाटणे हे चक्र दिवसभर चालू राहते. सिगारेटने ताण हलका होतो असे ज्यांना मनापासून वाटते त्यांचा अनुभव खोटा नसतो. पण हलका झालेला तो ताण बराचसा आधीच्या सिगारेटनेच मागे ठेवलेला असतो.

सोडण्याची तारीख एक-दोन आठवड्यांच्या आतली धरावी आणि मधले दिवस निरीक्षणात घालवावेत. प्रत्येक सिगारेट पेटवण्यापूर्वी, पाकिटाभोवती गुंडाळलेल्या कागदावर वेळ, जागा, सोबत कोण आहे आणि ती किती हवीशी वाटते आहे, एवढे चार शब्दांत लिहावे. नंतर लिहू म्हटले की राहून जाते. चार-पाच दिवसांनी तो कागद पाहिला की काही सिगारेटी शरीर मागते, जसे सकाळची पहिली किंवा लांबलेल्या बैठकीनंतरची, आणि काही नुसत्या प्रसंगाला चिकटलेल्या असतात, हे लक्षात येते: फोन आला, जेवण झाले, कोणी पाकीट पुढे केले. पहिल्या प्रकाराला औषधाचा आधार लागतो, तर दुसऱ्यासाठी दिनक्रमात फेरफार करावा लागतो. उठल्यानंतर पहिली सिगारेट किती वेळात पेटते, हे विशेष पाहावे. ती अर्ध्या तासाच्या आत, त्यातही पहिल्या ५ मिनिटांत पेटत असेल, तर निकोटिनची पकड घट्ट आहे असे समजावे.

हळूहळू कमी करावे की एकदम थांबावे, हा वाद जुना आहे. २०१६ साली इंग्लंडमधल्या सुमारे ७०० जणांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ठरल्या दिवशी एकदम थांबलेल्यांपैकी ४९ टक्के, तर दोन आठवडे कमी करत आणून मग थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोक चार आठवड्यांनंतरही सिगारेटपासून दूर होते. माझे मत एकदम थांबण्याच्या बाजूचे आहे, कारण कमी करत गेले की उरलेली प्रत्येक सिगारेट अधिकच मोलाची वाटू लागते. ज्यांना ते जमणार नाही असे वाटते त्यांनी कमी करत यावे, मात्र शेवटची तारीख हलवू नये. आदल्या रात्री घर, कामाची जागा, गाडी आणि कपड्यांचे खिसे यांतून सिगारेट, लायटर, ॲशट्रे सगळे बाहेर काढावे. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेले पाकीट पाहुणे येईपर्यंत टिकत नाही.

औषधांविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. निकोटिनचा पॅच, गम किंवा चघळण्याची गोळी यांतून निकोटिन मिळते, पण सावकाश, आणि धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड वगळून. पॅच स्वच्छ, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावावा व रोज जागा बदलावी. विचित्र स्वप्ने पडून झोप मोडू लागली, तर तो रात्री काढून ठेवावा. गमच्या बाबतीत मात्र सर्रास चूक होते, कारण लोक तो सलग चघळत राहतात. तसे केल्यास निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, तेथे त्याचा फारसा उपयोग होत नाही, उलट उचक्या आणि मळमळ सुरू होते, आणि गम कुचकामी आहे असा शेरा मारून माणूस पुन्हा पाकिटाकडे वळतो. गम सावकाश चावावा. तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की तो गाल आणि हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवावा. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडा चावून दुसऱ्या बाजूला ठेवावा. असा एक गम सुमारे अर्धा तास पुरतो. त्याच्या आधी १५ मिनिटे आणि तो तोंडात असताना काही खाऊ-पिऊ नये, कारण कॉफी, फळांचा रस किंवा शीतपेय यांमुळे तोंडातली आम्लता वाढली की निकोटिन नीट शोषले जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात ओढणाऱ्यांसाठी ४ मिलिग्रॅमचा गम असतो, इतरांना २ मिलिग्रॅमचा पुरतो. दिवसभर पॅच आणि अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी गम, ही जोडी दोहोंपैकी एकट्या कशाहीपेक्षा अधिक परिणामकारक ठरते.

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही तलफ कमी करणारी, निकोटिन नसलेली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. ती सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर तरी आधी सुरू करावी लागतात, म्हणून भेट वेळेत ठरवावी. ज्यांना पूर्वी फिट आली आहे त्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण आणि १८ वर्षांखालील मुले यांनी निकोटिनचे पॅच किंवा गमही विचारल्याशिवाय वापरू नयेत.

आता प्रत्यक्ष तलफेविषयी. ती वाढतच जाणार असे त्या क्षणी वाटते. वास्तविक बहुतेक वेळा ती ३ ते ५ मिनिटांत, फार तर १० मिनिटांत ओसरते, मग सिगारेट ओढलेली असो वा नसो. पहिल्याच दिवशी घड्याळ समोर ठेवून हे एकदा पडताळून पाहावे. आधी घसा आवळल्यासारखा वाटतो, हात नकळत खिशाकडे जातो, आणि मग मन घासाघीस करू लागते: एकच, अर्धीच, आजचा दिवस वाईट गेला म्हणून. अशा वेळी ‘ओढायची नाही’ असे घोकत बसले तर लक्ष सिगारेटवरच खिळून राहते. त्याऐवजी जागा सोडावी. जिने चढावेत, भरभर चालून यावे; काही मिनिटांच्या चालण्यानेही तलफेचा जोर उतरतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. थंड पाणी घोट घोट प्यावे आणि हाताला काहीतरी चाळा द्यावा. बैठकीत किंवा प्रवासात जागेवरून हलता येत नसेल, तर तलफ शरीरात नेमकी कुठे जाणवते आहे, छातीत, जबड्यात की तळहातांत, इकडे लक्ष द्यावे आणि ती कशी चढते, कशी उतरते हे नुसते पाहत राहावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी व्यसनांच्या उपचारांत ही पद्धत रुजवली; लाटेशी झुंजण्याऐवजी तिच्यावर तरंगत राहावे, अशी त्यामागची कल्पना आहे.

प्रसंगांना चिकटलेल्या सिगारेटींसाठी कागद पुन्हा उघडावा आणि प्रत्येक प्रसंगासमोर एकेक कृती लिहावी. जेवण होताच उठून दात घासायचे, फोनवर चालत बोलायचे, पाकीट पुढे आले की ‘मी ओढत नाही’ एवढेच म्हणायचे. ‘सोडायचा प्रयत्न चालू आहे’ असे म्हटले की आग्रहाला जागा मिळते. पहिले काही आठवडे मद्य टाळलेले बरे, कारण दोन पेल्यांनंतर कागदावरचे काही आठवत नाही.

त्रास सर्वाधिक होतो तो पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि साधारण तीन-चार आठवड्यांत तो बराच निवळतो. चिडचिड, झोपमोड, बद्धकोष्ठता, वाढलेली भूक, कामात लक्ष न लागणे हे सगळे या काळात अपेक्षित आहे; घरच्यांना आधी सांगून ठेवले तर निष्कारण भांडणे टळतात. एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करत असते. धूर थांबला की हा वेग मंदावतो आणि नेहमीचीच कॉफी दुपटीने चढल्यासारखी होते. मग येणारी धडधड आणि निद्रानाश यांचे खापर सिगारेट सोडण्यावर फुटते. म्हणून चहा-कॉफी निम्म्यावर आणावी. याच कारणाने दम्यावरील थिओफिलिन, मानसिक आजारांवरील क्लोझापिन व ओलान्झापिन यांसारख्या औषधांची मात्राही बदलावी लागू शकते, तेव्हा ती घेणाऱ्यांनी डॉक्टरांना तारीख आधी कळवावी. वजन वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वाढते; ते उतरवण्याचा खटाटोप त्याच महिन्यात हाती घेऊ नये, दोन्ही आघाड्यांवर एकदम लढणे फार थोड्यांना जमते.

एखादी सिगारेट ओढली गेलीच, तर ती कोठे आणि कशामुळे, हे कागदावर लिहून उरलेले पाकीट तिथेच टाकून द्यावे आणि पॅच चालू ठेवावा. त्या एकीपेक्षा ‘आता सगळे मुसळ केरात’ हा विचार अधिक नुकसान करतो. मात्र दिवसाला एकच ओढण्याची तडजोडही स्वीकारू नये. रोज २० सिगारेटी ओढल्याने हृदयविकाराचा जितका धोका वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मा एका सिगारेटनेही वाढतो. वय झाले, आता सोडून काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा ५० वर्षे चाललेला अभ्यास पाहावा. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यानुसार आयुष्यभर ओढणारे सरासरी १० वर्षे आधी मरण पावतात. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना त्यांतली सुमारे ३, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना ६ आणि चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना ९ वर्षे परत मिळतात.

बरे वाटू लागले म्हणून औषध अर्ध्यावर थांबवू नये. ते साधारण ८ ते १२ आठवडे घ्यावे लागते. त्यानंतरही, कधीकधी कित्येक महिन्यांनी, जुना सोबती भेटल्यावर किंवा एखादी वाईट बातमी कानावर आल्यावर तलफ अवचित उसळते. तीही पहिल्या दिवसांतल्या तलफेइतकीच थोडा वेळ टिकते, आणि अशा वेळेसाठी गमची एक पट्टी जवळ बाळगायला हरकत नाही.