गाडीच्या पुढच्या चाकाची बेरिंग घरी बदलायची असेल तर

पुढच्या चाकातून घुंऽऽ असा आवाज येऊन राहिला, चाळीसच्या वर गाडी गेली की वाढते आन चालत्या गाडीत न्यूट्रल केलं तरी तसाच राहते, त ते इंजिनचं काम नाही भाऊ, बेरिंग पाहा. दुरून पिठाची गिरणी चालू असल्यासारखा वाटते. आपल्याकडं पावसाळ्यात रपट्यावरून पाण्यातून गाडी काढावी लागते, पांदणीत काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आतपर्यंत भरते, सील थोडं जरी थकलं असलं तरी पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आन मग छर्रे अन् रेस (छर्रे जिच्यावर फिरतात ती कडी) एकमेकाले खात बसतात. कोळशाचे ट्रक चालतात त्या रस्त्यांवरचे खड्डे वेगळेच.

कोणत्या बाजूची गेली हे आधी पक्कं करा, नाहीतर चांगली काढून फेकाल. मोकळ्या रस्त्यावर हळूच गाडी डावीकडं वळवली की वजन उजव्या चाकावर येते, तेव्हा आवाज वाढला त बहुतेक उजवी, उजवीकडं वळवताना वाढला त डावी. मग चाक उचलून वर अन् खाली हात धरून हलवा, खटखट लागली की दुसऱ्या माणसाले ब्रेक दाबायले सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला त बेरिंग, तरी राहिला त बॉल जॉइंट, म्हणजे चाकाखालचा गोळ्याचा सांधा पाहा. चाक हातानं फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा, खरखर बोटाले लागते. पूर्ण स्टेअरिंग कापल्यावर टकटक येत असेल त तो ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट, अन् झिजलेला टायरही असाच घुमते, तेव्हा पुढचे टायर मागं टाकून एकदा पाहून घ्या, फुकटचं काम आहे.

अल्टो, वॅगनआर अशा लहान गाड्यांत बेरिंग नकलमध्ये (चाकामागचा लोखंडी भाग, त्यातच बेरिंगचं भोक असते) प्रेसनं बसवलेली असते, काही गाड्यांत हबसकट (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) पूर्ण युनिट बोल्टवर येते, ते सोपं. मागच्या चाकाले जोर असणाऱ्या जुन्या गाड्यांतली टेपर बेरिंग वेगळी, तिले ग्रीस भरून नट ॲडजस्ट करावा लागतो. इथं मी प्रेसवाल्याचं सांगून राहिलो. माझं म्हणणं सरळ आहे, खोलणं अन् फिट करणं घरी करा, पण बेरिंग काढणं-बसवणं तालुक्याच्या लेथवाल्याकडं हायड्रॉलिक प्रेसवर करा. ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या बहुतेक लेथवर प्रेस असते. घनानं ठोकून बसवलेली बेरिंग लवकरच पुन्हा आवाज करते आन मग लोक म्हणतात कंपनीच खराब होती.

पार्ट आधी आणून ठेवा: बेरिंग, सर्कलिप (बेरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी), ड्राइव्ह शाफ्टचा नवा नट, किंवा खाचेचा नट असेल त नवी स्प्लिट पिन. एसकेएफ, एफएजी, एनबीसी यातली कोणतीही घ्या पण ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन, बेरिंगमध्ये नकली माल खूप चालते. एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, त्यात डब्याचे फोटो पाठवून तपासून घेता येते.

आता काम. उन्हाळ्यात असेल त सकाळी सकाळीच लागा, दुपारी लोखंडाले हात लागत नाही. गाडी सपाट कडक जागी, पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकाले दगड. काळ्या मातीवर जॅक लावायचा असेल त खाली जाड फळी टाका, आन नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत हात घालू नका, घोडी (गाडीखाली लावायचा लोखंडी स्टँड) लावाच लावा. चाक जमिनीवर असतानाच, ब्रेक दाबून ठेवून, मधला मोठा नट ढिला करा. नटाची कॉलर दाबलेली असेल त आधी छिन्नीनं सरळ करा, मग लांब पाना आन त्यावर पाइप. लय घट्ट असते, झटके न देता वजन टाका. ढिला झाला की त्यावर गाडी जराही ढकलू नका, नट ढिला अन् वजन वर असलं की बेरिंगच्या आतली रेस सरकते.

चाक काढलं की कॅलिपरचे (डिस्कले धरणारा ब्रेकचा भाग) दोन बोल्ट खोला अन् कॅलिपर स्प्रिंगले तारेनं बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपावर लटकवू नका. डिस्क काढा. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) सेन्सर असेल त तोही आधी सोडवा, वायर ताणली की गेली. स्टेअरिंगकडून येणारा टाय रॉड एन्ड, खालचा बॉल जॉइंट सोडा, अन् शॉकरचे दोन बोल्ट काढण्याआधी नकल कुठं बसली होती तिथं पेंटानं खूण करा, नाहीतर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल बिघडते. शाफ्ट हबमध्ये अडकला असेल त नट टोकाच्या बरोबरीनं लावून लाकडाच्या ठोकळ्यावरून हळू ठोका. शाफ्टले बाहेर जोरानं ओढू नका, आतला जॉइंट गिअरबॉक्समधून सुटला की गिअर ऑइल सांडते.

नकल घेऊन लेथवर जा आन तिथं उभे राहा. आधी हब दाबून निघतो, त्याच्यावर आतली रेस चिकटून येते, ती ग्राइंडरनं अर्धवट कापून छिन्नीनं तडकवतात, पण हबवर कट गेला त हबच बदला. मग सर्कलिप काढून बेरिंग दाबून काढायची. नकलचं भोक साफ करून बोट फिरवा, चरे पडले असतील त त्यातली नवीन बेरिंग ढिलीच बसते. हे लक्षात ठेवा: नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर, आन हब बसवताना आतल्या रेसले खालून आधार. उलट केलं त जोर छर्र्यांवरून जाते अन् नव्या बेरिंगवर खड्डे पडतात, ते डोळ्याले दिसत नाहीत. एबीएसवाल्या बेरिंगले एका बाजूनं चुंबकाचा काळा पट्टा असते, तो आत सेन्सरकडं यायला पाहिजे. बसली की सर्कलिप खाचेत पूर्ण गेली का पाहा, अन् हब हातानं फिरवून पाहा, गुळगुळीत फिरला पाहिजे.

घरी येऊन उलट क्रमानं सगळं लावा, शॉकरचे बोल्ट खुणेवर. मोठ्या नटाचा टॉर्क, म्हणजे किती जोरानं आवळायचा ते, गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लिहिलेला असते, बहुतेक लहान गाड्यांत 150 ते 250 न्यूटन मीटरच्या मधात. टॉर्क रेंच गावात नसेल त ज्याच्याकडं असेल त्याच्याकडून मागून आणा, इम्पॅक्ट गननं अंदाजे मारू नका. नट कॉलर दाबून किंवा स्प्लिट पिन टाकून लॉक करा. गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा, कॅलिपर खोलला की पहिला दाब रिकामा जाऊ शकतो.

मग दहा-पंधरा किलोमीटर फिरवून या आन दोन्ही पुढच्या हबजवळ हात नेऊन पाहा, ब्रेकची गरमी दोन्हीकडं सारखीच असते, एकच बाजू जास्त तापली त पुन्हा खोलून पाहा. चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा आवळा, आन अलाइनमेंट जवळच्या शहरात गेलात की करून घ्या.