एका फाइलीत तीन लिप्या? फॉन्टचा क्रम लावा

बेळगाव-निपाणीकडच्या दुकानासाठी बिलाचं सॉफ्टवेअर लिहायचं म्हणजे इंग्रजी कोड, मराठी मजकूर आणि कन्नड मथळे एकाच फाइलीत येणारच. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून ‘फॉन्ट फॅमिली’ शोधा. तिथे एकच नाव देऊ नका. आधी जेटब्रेन्स मोनो (सारख्या रुंदीच्या अक्षरांचा, कोडसाठीचा फॉन्ट), मग नोटो सान्स देवनागरी, शेवटी नोटो सान्स कन्नड. प्रत्येक नाव एकेरी अवतरणात, मध्ये स्वल्पविराम. पहिल्या फॉन्टमध्ये नसलेलं अक्षर पुढच्यातून घेतलं जातं. अर्थात, तिन्ही फॉन्ट संगणकावर आधी बसवलेले हवेत. क्रम उलटा ठेवलात तर कोडची इंग्रजी अक्षरंही कन्नड किंवा देवनागरी फॉन्टमधून येऊ शकतात, मग रकाने वाकडे. जोडाक्षरं मात्र रकान्यात नेमकी बसत नाहीतच, त्यावर डोकं शिणवू नका.