घरून काम, घरात लहान मुलं आणि घरकाम: या चुका टाळा

"घरीच असतेस ना दिवसभर, मग एवढं काय?" हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीचे बोलतात ते सोडा, आपल्यालाही आतून तसंच वाटत असतं की घरी आहे तर दोन मीटिंगच्या मधे भांडी होतील, कपडे होतील, पोराचा अभ्यास पण होईल, आणि मग रात्री साडेदहाला ओटा तसाच, लॅपटॉप उघडाच आणि मुलावर तीनदा ओरडून झालेलं. यात आपण आळशी असतो असं अजिबात नाहीये, कामं चुकीच्या वेळी आणि चुकीच्या माणसाकडे असतात एवढंच.

मीटिंगच्या मधल्या वेळात घरकाम काढणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. वीस मिनिटं मिळाली म्हणून कपडे वाळत घालायला जायचं, तिथे दिसतं बाल्कनीत माती सांडलीये, ती झाडेपर्यंत मूल उठतं, आणि पुढच्या कॉलला आपण धापा टाकत बसतो, म्हणजे कपडेही अर्धे आणि डोकंही अर्धं. ऑफिसच्या तासांत फक्त अशी कामं लावा जी लावून दिली की आपली आपण होतात. मशीन लावणं, कडधान्य भिजत घालणं, विरजण लावणं. उभं राहून करायची कामं सकाळी लॉगिनच्या आधी किंवा संध्याकाळी लॅपटॉप मिटल्यावर.

मशीनचं पण थोडं बघा. फ्रंट लोडला कॉटनचा प्रोग्रॅम बरेचदा दोन तासांच्या वर जातो, त्यामुळे लंच ब्रेकला संपेल असा हिशोब करून लावा, बऱ्याच मशीनमध्ये उशिरा सुरू करायची सोय असते ती वापरा. ओले कपडे ड्रममध्ये पडून राहिले की पावसाळ्यात हमखास कुबट वास येतो आणि तो वाळवून जात नाही, परत धुवावेच लागतात, आणि त्यावेळी कापडाला चालत असेल तर गरम पाणी घ्या, शेवटी एक जादा स्पिन द्या. ड्रम ठासून भरू नका, कपड्यांच्या वर हात आत घालून फिरवता येईल एवढी जागा हवी, नाहीतर मळ निघत नाही आणि पावडर कपड्यातच राहते.

आणि गॅसवर काहीही ठेवून कॉलला बसू नका. दूध उतू गेलं तर गॅस पुसता येतो पण दोन वर्षांचं मूल घरात असताना पेटता गॅस आणि कानात हेडफोन हे जमूच शकत नाही. टायमरवाला इंडक्शन किंवा इलेक्ट्रिक राइस कुकर असेल तर दिवसा तोच वापरा, वरणाचा कुकर सकाळीच लावून मोकळे व्हा.

सगळं ताजंच आणि सगळं त्याच वेळी

स्वयंपाक गरम ताजा असावा हे मान्य, पण निवडणं, सोलणं, वाटणं हे पण रोज ताजंच करायला हवं असं कोणी सांगितलंय? वेळ खरा तिथेच जातो. मेथी, कोथिंबीर निवडून, न धुता, कागदात गुंडाळून डब्यात ठेवली की चांगली टिकते. कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदम करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, लागेल तशी एक-दोन वडी काढा. कणीक रात्री मळून वरून तेलाचा हात लावून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, हवा लागली की काळपट पडते, आणि दुसऱ्या दिवशी संपवूनच टाका. मटकी रात्री भिजवून सकाळी उपसून फडक्यात बांधली की मोड आपले आपण येतात, तुम्हाला त्यात काहीच करायचं नसतं.

एक मात्र कळकळीने सांगते, दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नका. कामाच्या नादात हे घराघरात होतं. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहू शकतात, भात बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही. फोडणीचा भात करायचाय ना, जरूर करा, पण उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेला असू दे.

मुलांना कामापासून लांब ठेवणं

"तू जा खेळ, मी करते" हे आपण प्रेमानेच म्हणतो, पण मूल खेळायला जात नाही, ते आपल्यामागेच येतं. त्यापेक्षा त्याला खरं काम द्या, खोटं खोटं नाही. तीन-चार वर्षांचं मूल मोज्यांच्या जोड्या लावतं, मटार सोलतं, रुमालाची घडी घालतं. सात-आठ वर्षांचं पाण्याच्या बाटल्या भरतं, ताटं-वाट्या मांडतं, आपलं दप्तर आणि डबा बाहेर काढून ठेवतं. घडी वाकडी येईल, येऊ दे. तुम्ही त्याच्यासमोर ती उलगडून परत घातलीत की त्याचं मन तिथेच उतरतं आणि पुढच्या वेळी ते काम परत तुमच्याच अंगावर येतं.

दर दहा मिनिटांनी "आई भूक लागली" चालू असेल तर मुलाचा हात पोचेल असा एक खाऊचा डबा ठेवा, सकाळीच भरायचा, चुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू, केळं, आणि त्याला सांगायचं की हा तुझा, कधी खायचं ते तू ठरव. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत, घशात अडकतात आणि आपण नेमके कॉलवर असतो.

मोबाइलचं अपराधी वाटून घेऊ नका, पण तो कधी द्यायचा ते ठरवा. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स म्हणते दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वयात दिवसाला एक तासाच्या आत. मग तो तास सकाळी भरवताना का वाया घालवायचा, सगळ्यात महत्त्वाच्या मीटिंगसाठी राखून ठेवा. आणि तीन वर्षांखालचं मूल असेल तर स्पष्टच सांगते, पाळणाघर, आजी किंवा सुट्टीवर असलेला दुसरा पालक यातलं काहीतरी लागतंच, कुठल्याही टिप्सने ते जमत नाही. ते झोपलं की केर काढायला धावू नका, तो वेळ डोकं लागणाऱ्या कामाचा.

"मदत" मागणं

सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयाच्या घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला 305 मिनिटं वेळ त्यात गेलेला दिसतो, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा साधारण दीड तासच. हा फरक "जरा मदत कर" म्हणून भरून निघणार नाही, कारण मदत करणारा विचारतो "काय आणू?" आणि यादी, आठवण, राहिलं तर बोलणी सगळं तुमच्याकडेच राहतं. काम आख्खं द्या. शाळेचा डबा नवऱ्याकडे म्हणजे उद्या काय द्यायचं हे ठरवणं, सामान आहे का बघणं, भरणं, आणि संध्याकाळी डबा धुवायला टाकणं पण त्याच्याकडे. पहिले काही दिवस डब्यात रोज पोळी-जॅमच जाईल, जाऊ दे, मधे पडू नका.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही गृहीत धरू नका, कुठले तास जमतील ते नीट विचारून ठरवा.

मावशींची वेळ आणि ऑफिसची सकाळची स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, एकाच वेळी येत असेल तर त्यांच्याशी बोलून अर्धा तास बदलून घ्या, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना "जरा बाळाकडे बघा" म्हणायचं असेल तर त्याचे वेगळे पैसे द्या.

घाईत साफसफाई

संडास साफ करायचं ॲसिडवालं लिक्विड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो, छोट्या बंद बाथरूममध्ये तो खूप घातक आहे. सुटं फिनाईल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय तर आजच बंद करा, मुलं तोंडाला लावतात.

तरीही सगळं अडलं तर

मावशी सुट्टीवर, मूल तापाने फणफणलंय आणि डेडलाइन पण आजच, असा दिवस येतोच. त्या दिवशी तीनच गोष्टी करा: मुगाची खिचडी, लागतील तेवढी भांडी, आणि मूल जिथे बसतं तिथला केर. कपडे, लादी, घड्या उद्यावर. ऑफिसला मात्र सकाळीच कळवा की मूल आजारी आहे, मधेमधे गायब होईन, दुपारी तीनला सांगितलं तर ते बहाण्यासारखं वाटतं.

पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं ते बरेचदा गुरुवारी, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा, कमी दाबाने येतं. तुमच्याकडे असं असेल तर बुधवारी संध्याकाळीच मशीन लावून घ्या, पिण्याचं भरून ठेवा, आणि गुरुवारी कमी भांडी लागतील असाच स्वयंपाक ठरवा.